कोचारी शिकायचा तर आधी रांग शिका, पाय नंतर

कोचारी या आर्मेनियन साखळीनाचाचे व्हिडिओ लावून शिकायला निघालेली बहुतेक मंडळी पायांकडे डोळे लावून बसतात आणि तिथेच अडकतात. पाय अवघड नाहीत. टाच पुढे, पाऊल मागे, एक झेप, दोन उसळ्या. सुट्या माणसाला हे एका बैठकीत जमतं. दोन्ही बाजूंच्या माणसांना चिकटून, त्यांचा तोल न बिघडवता आणि आपला न सोडता तेच करणं मात्र अवघड आहे. म्हणून या लेखात पावलं बरीच उशिरा येतात. घाई असेल त्यांनी थेट आठ मात्रांच्या भागाकडे जावं, पण मग रांगेत कुणाचा पाय तुडवला तर बोलणी खायची तयारी ठेवावी.

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मुलामुलींना हा नाच कुठल्या तरी लग्नात नाहीतर चौकात गाठतोच. कुणीतरी हात धरून ओढतं आणि मग पळवाट नसते. त्यांच्यासाठी, आणि इथे पाच-सहा जणांचा गट जमवून शिकू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

हा नाच कुठला

कोचारी हा आर्मेनियन लोकांचा सामूहिक नाच. त्याच्या जुन्या जागा आजच्या आर्मेनियाच्या सीमेत मावत नाहीत. एर्झुरुम (आर्मेनियन लोक त्याला कारिन म्हणतात), कार्स, मुश, अलाश्केर्त हा सगळा पट्टा आज तुर्कस्तानात आहे. जावाख्क जॉर्जियात आहे. 1915 च्या, ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांच्या नरसंहारातून वाचलेली माणसं पूर्वेकडे आली तेव्हा आपापल्या गावची पावलंही बरोबर घेऊन आली. त्यामुळे आजच्या आर्मेनियात एकाच नावाचे अनेक कोचारी दिसतात. एखाद्या घराण्याचे पणजोबा कुठून आले होते त्यावर त्या घरातली पावलं ठरतात.

शेजाऱ्यांकडेही तो आहेच. मूळचे काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे पोंतिक ग्रीक त्याला कोत्सारी म्हणतात. कुर्द लोकांत तो आहे, असीरियन लोकांत आहे, पूर्व तुर्कस्तानात ‘हालाय’ नावाच्या रांगनाचांच्या कुटुंबात तो नाचला जातो. अझरबैजानात, विशेषतः नखचिवानमध्ये, तो यल्ली नावाच्या साखळीनाचांत मोडतो. युनेस्कोने 2017 साली आर्मेनियाच्या नावे कोचारीची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केली. पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, अझरबैजानच्या नावे नखचिवानच्या यल्लीची नोंद झाली, तीही कोचारी आणि तेंझेरे ही नावं घेऊन. ती मात्र वेगळ्या यादीत, तातडीने जपायला हव्यात अशा गोष्टींच्या. दोन देश, दोन याद्या, नाव एकच. त्या दोन देशांत जी युद्धं झाली ती पाहता हा साधा वाद नाही. शिकणाऱ्याने निवाडा करायला जाऊ नये. ज्यांच्या रांगेत उभे आहात ते जे म्हणतात ते म्हणा.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा, कारण आर्मेनियन माणूस तो तुम्हाला सांगणारच. मे 1945 मध्ये बर्लिन पडलं तेव्हा सोव्हिएत सैन्यातल्या 89 व्या तामान डिव्हिजनच्या आर्मेनियन सैनिकांनी राइखस्टाग या जर्मन संसदेच्या इमारतीपाशी फेर धरला होता. नाच होता कोचारी. हा नाच लग्नाचा आहे तसाच तो दंड थोपटण्याचाही आहे. पावलांत जो आक्रमकपणा आहे तो उगाच आलेला नाही, हे ध्यानात ठेवलं की पुढे झेप कशी घ्यायची ते समजायला मदत होते.

आधी कान तयार करा

दोन वाद्यं ओळखा: झुर्ना आणि ढोल. झुर्ना म्हणजे सनईच्या कुळातलं, पत्तीचं, मोठ्या आवाजाचं, उघड्या मैदानात वाजवायचं वाद्य. बहुधा दोन झुर्नावाले असतात. एक चाल वाजवतो, दुसरा एकच सूर धरून बसतो. त्या धरलेल्या सुराला तिथे ‘दम’ म्हणतात. ढोल तर नावानेही आपलाच. उघड्यावर वाजतो तेव्हा एका तोंडावर जाड टिपरू आणि दुसऱ्या तोंडावर बारीक छडी पडते. जाड टिपरूचा ठोका म्हणजे तुमचं पाऊल, छडीचे ठोके म्हणजे तुमच्या गुडघ्यांतली उसळी. हे एवढं कानात बसलं की अर्धं काम झालं.

ताल दोन मात्रांचा आहे, सरळ. या भागात नऊ-दहा मात्रांचे वाकडे ताल भरपूर आहेत, त्यामानाने कोचारी नवख्यांवर दया करतो. चाल आठ-आठ मात्रांच्या ओळींत चालते. सुरुवातीला लय संथ असते, मग वादक ती चढवत नेतात. कुठे चढवायची हे वादक आणि रांगेचा म्होरक्या एकमेकांकडे बघून ठरवतात, त्यामुळे ध्वनिमुद्रणावर सराव केलेल्या माणसाला प्रत्यक्ष वादनात पहिल्यांदा गोंधळायला होतं.

ऐकायला निवडताना लग्नाच्या हॉलमधली कीबोर्डवाली मुद्रणं सध्या बाजूला ठेवा. त्यांत ढोलाच्या जागी एकसारखा यंत्राचा ठोका असतो आणि छडीचं काम गिळलेलं असतं. नुसती झुर्ना आणि ढोल असलेलं काहीतरी शोधा. ते लावून दोन-तीन दिवस फक्त बसून ऐका. उजव्या हाताने मांडीवर जाड ठोका द्या, डाव्या हाताच्या बोटांनी छडीचे ठोके. उभं राहायची गरज नाही.

काय घालायचं, कुठे नाचायचं

सपाट, पातळ तळव्याचे बूट हवेत. पूर्वी गावाकडे मऊ चामड्याचे पायताण घालत. धावण्याचे जाड, स्पंजी बूट नकोत. टाच आपटली की ते ठोका खाऊन टाकतात आणि पाय मुरगळायची भीती वेगळीच. अनवाणी नाचायचा मोह होईल, पण टाचेचं काम बरंच आहे, फरशीवर अनवाणी करू नका. लाकडी फळ्यांची किंवा चोपलेल्या मातीची जमीन सगळ्यांत बरी. सोसायटीच्या गच्चीवर सराव करणार असाल तर खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. आठ जणांच्या टाचा एकदम पडतात तेव्हा आवाज होतोच.

कपडे सैल पण लोंबणारे नकोत. ओढणी, उपरणं, लांब साखळी काढून ठेवा. शेजाऱ्याच्या हातात ती अडकली की अख्खी रांग थांबते. हातातल्या अंगठ्याही काढा, कारण बोटांत बोटं गुंतवून जोराने धरायचं आहे.

पोटऱ्या गरम करा. पायऱ्यांवर चवड्यावर उभं राहून टाचा खाली-वर, वीस-पंचवीस वेळा, मग घोटे गोल फिरवणं. गुडघ्याचं दुखणं असेल तर उसळ्या कमी करा आणि झेप लहान ठेवा. रांगेत म्हातारी माणसं असतात आणि ती तेच करतात. कुणी काही म्हणत नाही.

रांग

आता खरा विषय.

किमान पाच जण लागतात, सहा-आठ असतील तर उत्तम. तिघांत शिकता येतं, पण साखळी म्हणजे काय ते तिघांत कळत नाही. अर्धवर्तुळात उभे राहा, तोंड मध्याकडे. उजव्या टोकाचा माणूस म्होरक्या. आर्मेनियन भाषेत त्याला ‘पारागलुख’ म्हणतात, म्हणजे नाचाचं डोकं. त्याच्या मोकळ्या हातात रुमाल असतो. डाव्या टोकाचा माणूस म्हणजे ‘पारापोच’, शेपूट. ज्यांनी डहाणू-जव्हारकडचा तारपा पाहिलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल: वाजवणारा, त्याच्याभोवती वळसे घेणारी एकमेकांना धरलेली साखळी आणि एकाच्या इशाऱ्यावर बदलणारी सगळ्यांची पावलं. फरक असा की कोचारीत साखळी जास्त ताठ असते आणि ती वळसे घेण्यापेक्षा जागच्या जागी पुढे-मागे धडका देते.

धरण्याच्या तीन पद्धती तुम्हाला भेटतील. एक, करंगळीत करंगळी. ही हलकी पकड; हात कोपरात वाकवून खांद्याच्या उंचीला. दुसरी, हात खाली सोडून बोटांत बोटं गुंतवणं, दंडाला दंड चिकटलेला. तिसरी, शेजाऱ्यांच्या खांद्यांवर हात. शिकायला मी दुसरीच सुचवीन. करंगळीच्या पकडीतून शेजाऱ्याचा तोल कळत नाही आणि खांद्याच्या पकडीत नवखी माणसं शेजाऱ्याला लोंबकळतात.

दुसऱ्या पकडीचे बारकावे असे. सगळ्यांचा उजवा दंड शेजाऱ्याच्या पुढे की मागे हे एकदाच ठरवा आणि अख्ख्या रांगेत तसंच ठेवा. एकजण जरी उलटा असला की तिथे रांगेला गाठ पडते. हात सरळ, कोपर ताठ, पण खांदे कानाकडे चढलेले नकोत. हातांचा ओढा खाली जमिनीकडे असायला हवा, बाजूला नाही. बाजूला ओढणारा माणूस अख्खी रांग ताणतो. आणि मुठी घट्ट: मनगट सैल राहिलं तर पुढचं सगळं सैल पडतं.

संगीत न लावता तीन गोष्टी करून बघा.

पहिली: रांगेत उभे राहा आणि एकेकाने, म्होरक्यापासून सुरुवात करून, एक पाय उचलायचा. उचलणाऱ्याने शेजाऱ्यावर भार टाकायचा नाही. भार पडला तर शेजाऱ्याने लगेच बोलून दाखवायचं. कोण कोणावर रेलतोय हे इथे उघडं पडतं, आणि अशा माणसांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त निघते.

दुसरी: म्होरक्याने डावीकडे, म्हणजे रांगेच्या दिशेने, हलकासा दंडाचा धक्का द्यायचा. तो शेपटापर्यंत पोचतो का बघा. मध्येच विरला तर जिथे विरला तिथला दंड सुटलेला आहे. कोचारीत इशारे असेच जातात. रुमाल सगळ्यांना दिसतोच असं नाही, दंड सगळ्यांना कळतो.

तिसरी: सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि गुडघ्यांतून हलकी उसळी सुरू करायची. मोजायचं नाही. काही क्षणांत रांग आपोआप एका लयीत येते. नाही आली तर अजून पावलांकडे जाऊ नका.

खांद्यांची पकड नंतर घ्याल तेव्हा एवढं पाळा: आपल्या हातांचं वजन आपल्या पाठीने उचलायचं, पंजा शेजाऱ्याच्या खांद्यावर नुसता टेकवायचा, अंगठा त्याच्या मानेत रुतवायचा नाही. उंचीत फार फरक असेल तर उंचीप्रमाणे रांग लावा. बुटक्या माणसाला दोन्ही बाजूंनी ताडमाड शेजारी मिळाले तर त्याचे हात पाच मिनिटांत भरून येतात.

उसळी

कोचारीचा जीव गुडघ्यांत आहे. प्रत्येक मात्रेला गुडघे दोनदा लवतात: एकदा जाड ठोक्याला, एकदा मधल्या छडीला. ‘एक-नि-दोन-नि’ असं म्हणत करा. वजन चवड्यावर, टाचा जमिनीपासून कागद सरकेल इतक्याच उचललेल्या. डोकं वर-खाली जाता कामा नये. उसळी घोटा आणि गुडघा यांतच जिरली पाहिजे. आरशासमोर उभं राहून कपाळाची रेषा बघा. ती हलत असेल तर तुम्ही उड्या मारताय.

पोंतिक ग्रीकांच्या कोत्सारीत ही दुहेरी उसळी इतकी जोरकस असते की सगळं अंग थरथरतं. ते बघायला भारी वाटतं आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागतो. नको. थरथर वरून आणली तर खांद्यांचा भूकंप होतो. खालची उसळी पक्की झाली की ती आपोआप वर चढते.

मेट्रोनोम लावून मिनिटाला 80 ठोक्यांवर सुरुवात करा. सलग पाच मिनिटं दम न लागता झालं की 100. एवढ्यावर रेंगाळायला हरकत नाही. 120 च्या पुढची घाई नको.

दोन जाणं, एक परतणं

आर्मेनियन फेरनाचांचा पाया असलेली एक चाल आहे. तिचं नावच ‘दोन जाणं, एक परतणं’ अशा अर्थाचं आहे. उजवीकडे दोन हिस्से जायचं, डावीकडे एक हिस्सा यायचं. हिशेब उजवीकडे झुकलेला, म्हणून रांग हळूहळू उजवीकडेच सरकत राहते.

पावलं अशी: उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्याजवळ, पुन्हा उजवा उजवीकडे, डावा नुसता उचलायचा, मग डावा डावीकडे, आणि उजवा नुसता उचलायचा. सहा मात्रा झाल्या. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेला वजन बदलतं. चौथ्या आणि सहाव्याला बदलत नाही. ‘नुसता उचलायचा’ इथे गफलत होते. पाय टेकवून वजन टाकलं की पुढचं पाऊल चुकीच्या पायाने पडतं आणि शेजारी अडखळतो.

इथे एक गंमत आहे. चाल आठ मात्रांची आणि पावलं सहा मात्रांची, त्यामुळे पावलांची सुरुवात आणि ओळीची सुरुवात एकत्र येत नाही. 24 मात्रांनी दोन्ही पुन्हा एकत्र येतात, म्हणजे चालीच्या तीन ओळी आणि पावलांचे चार फेरे. तबला ऐकून वाढलेल्या माणसाचा कान दर ओळीला समेवर यायला बघतो आणि पाऊल तिकडे ओढतो. ओढू देऊ नका. पाय ढोलाच्या ठोक्याला बांधलेले ठेवा आणि झुर्नाच्या ओळीला वरून मोकळं जाऊ द्या. सुरुवातीला हे अंगावर येतं. एकदा बसलं की ‘सम कधी येतेय’ ही वाट बघण्याची मजा आपल्याला नवी नाही.

ही चाल नुसती आली तरी त्या भागातल्या बऱ्याच फेरांत तुम्ही खपून जाल. कोचारीपुरतं नाही, इतरत्रही.

आठ मात्रांचा कोचारी

पुढची मांडणी शिकण्यासाठी केलेली आहे. कुठल्याही एका गावचा प्रमाण कोचारी म्हणून ती घेऊ नका. टाच, मागचं पाऊल, झेप, ठोकर, उसळी ही सामग्री या नाचात पुन्हा पुन्हा भेटते. ती सलग आठ मात्रांत बसवली आहे, एवढंच. सुरुवातीला वजन उजव्या पायावर, डावा मोकळा.

1. डावी टाच समोर जमिनीवर. उजवा गुडघा लवलेला, धड किंचित मागे.
2. डावा पाय परत उजव्याजवळ, वजन डाव्यावर.
3. उजव्या पायाने एक पाऊल मागे, वजन उजव्यावर. छाती आता किंचित पुढे.
4. डावा गुडघा वर, कमरेखालीच; फार वर नाही.
5. डावं पाऊल समोर, ठोकर देत, मोठं. वजन पूर्ण डाव्यावर. अख्खी रांग एका भिंतीसारखी पुढे येते.
6. उजवा पाय डाव्याजवळ. धड सरळ.
7. दोन्ही पायांवर एक छोटी उसळी, उजवीकडे वीतभर सरकत.
8. जागेवर आणखी एक उसळी, शेवटी वजन उजव्यावर, म्हणजे डावा पुन्हा मोकळा.

सगळा नाच तिसऱ्या ते पाचव्या मात्रेत आहे. मागे जाताना रांग दबा धरते, चौथ्याला क्षणभर थांबल्यासारखी होते आणि पाचव्याला धडकते. एडक्यांची टक्कर आठवावी असा हा आवेश आहे. कोचारी बघणारे बरेच लोक हेच वर्णन करतात. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे चौथ्या मात्रेला घाई. थांबा नसेल तर धडकेला अर्थ उरत नाही. दुसरी म्हणजे ठोकर नितंबातून मारणं: पाय लांबून आपटला जातो, आवाज मोठा होतो आणि तोल जातो. ठोकर गुडघ्याखालून मारा. पाऊल आधी आपल्या खाली पडतं, मग वजन त्याच्यावर येतं.

पाचव्या मात्रेला पुढे किती जायचं हे रांगेतला सगळ्यांत आखूड पायांचा माणूस ठरवतो. उंच माणसाने ढेंगा टाकल्या की रांग वाकडी होते. अर्धवर्तुळ टिकलंय का ते बघायला एकाला बाहेर उभं करा. आतून ते कळत नाही.

सातव्या-आठव्या मात्रेत विश्रांती समजू नका. उसळी दुहेरीच चालू आहे, फक्त पावलं थांबली आहेत. आणि सरकणं खरोखर वीतभरच. जास्त सरकलात तर पुढच्या पहिल्या मात्रेला टाच शेजाऱ्याच्या नडगीवर.

सराव या क्रमाने करा: एकट्याने, हात मागे बांधून, 80 ठोक्यांवर. मग दोघांनी दंडाला दंड लावून. मग तिघांनी, मधला डोळे मिटून. मग पूर्ण रांग, आधी संगीताशिवाय. झुर्ना सगळ्यांत शेवटी लावा. झुर्ना कानावर पडली की अंगात येतं, आणि अंगात आलेला माणूस शिकत नाही, जे चुकीचं येतं तेच जोरात करतो.

म्होरक्या व्हायचं असेल तर

म्होरक्याचं काम दिसायला रुमाल हलवणं, प्रत्यक्षात शेपटाची काळजी. लय चढवण्याआधी रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. तिथे कुणी मागे पडत असेल तर चढवू नका. बदल हवा असेल तर ओळ संपण्याच्या दोन मात्रा आधी आरोळी द्या, म्हणजे शब्द शेपटापर्यंत पोचायला वेळ मिळतो. ऐन समेवर ओरडलात तर उशीर झालेला असतो.

यल्लीत म्होरक्याला यल्लीबाशी म्हणतात आणि त्याच्या हातात काठी असते. रांग तिथे बरेचदा सरळ असते, संथ भाग आणि जलद भाग स्पष्ट वेगळे कळतात. कुर्द रांगेत करंगळ्या गुंतवलेल्या दिसतील. म्हणून कुठेही सामील होण्याआधी एक पूर्ण फेरा नुसतं बघा: हात कसे धरलेत, रांग सरळ की गोल, उसळी दुहेरी की एकेरी, आणि म्होरक्याच्या हातात काय आहे.

मंचावरचं आणि चौकातलं

आर्मेनियाचं राज्य गीत-नृत्य पथक 1938 साली तातुल अल्तुन्यान यांनी उभं केलं. सोव्हिएत काळात अशा पथकांनी लोकनाच मंचावर आणले, कवायतीइतके बिनचूक केले आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभे केले. ते बघायला मीही बसतो. पण त्यावरून शिकू नका. मंचावर नाचणारे तरुण, व्यवसायाने नर्तक असतात आणि त्यांचं तोंड बाहेर असतं. फेरात तोंड आत असतं, एकमेकांकडे. गुडघा किती उचलायचा, धड किती झुकवायचं हे सगळं त्यावर अवलंबून आहे. नर्तिका आणि अभ्यासक स्र्बुही लिसित्स्यान यांनी गावोगावची पावलं टिपून ठेवली, आणि पुढे ज्यांना मंचाआधीचा नाच हवा होता त्यांना या नोंदींचा आधार मिळाला.

अशांपैकी एक म्हणजे गागिक गिनोस्यान यांचा ‘कारिन’ गट. येरेवानमध्ये कॅस्केड या भल्यामोठ्या जिन्याच्या पायऱ्यांखाली हा गट उघड्यावर, कुणालाही सामील होता येईल असे फेर भरवत आला आहे. शिकवणारे मध्ये, भोवती शे-दीडशे माणसं, त्यात पर्यटकही. तिथे असाल तर आधी चौकशी करून जा. घरी महिनाभर गिरवलेलं त्या एका संध्याकाळी तपासून मिळतं.

रांगेत शिरताना

शेपटाकडून शिरा. म्होरक्या आणि त्याच्या शेजारचा यांच्यामध्ये कधीच घुसू नका. ती दुसरी जागा बहुधा पक्क्या नाचणाऱ्याची असते. मध्ये कुणी ओळखीचं बोलावलं तर तिथे शिरायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंचे हात एकाच वेळी धरा. एक हात धरून दुसरा चाचपडत राहिलात की तेवढा वेळ रांग तुटलेली असते. स्त्री-पुरुष शेजारी-शेजारी असतात, मुलं असतात, आज्या असतात. हा नाच सगळ्यांना खुला आहे. तरी अनोळखी बाईच्या शेजारी शिरताना नजरेने विचारून घ्या, आपल्याकडे घ्याल तसंच.

पावलं चुकली तर पाय थांबवा, उसळी थांबवू नका. उसळी चालू असली की शेजाऱ्यांना त्रास होत नाही आणि पुढच्या पहिल्या मात्रेला तुम्ही परत गाडीत चढू शकता. खाली बघू नका. समोर अर्धवर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला जो नीट नाचतोय त्याच्या गुडघ्यांकडे बघा. शेजाऱ्याच्या पायांकडे बघायला मान वळवली की खांदा सुटतो.

एक पथ्य नाचाबाहेरचं. 24 एप्रिल हा आर्मेनियन लोकांचा नरसंहार-स्मृतिदिन असतो. त्या दिवशी ‘चला, कोचारी दाखवा’ असा आग्रह कुणालाही धरू नका.

बाहेर पडायचं असेल तर ओळ संपेपर्यंत थांबा. मग दोन्ही शेजाऱ्यांचे हात एकमेकांच्या हातांत द्या आणि एक पाऊल मागे सरका. नुसते हात सोडून निघालात तर तुमच्या जागी भोक पडतं आणि डावीकडची अर्धी रांग म्होरक्याविना राहते. दम लागला असेल तर लगेच बसू नका, पोटऱ्या आखडतात. दोन मिनिटं चाला, पाणी प्या. लय पुन्हा खाली आली की शेपटाकडे जागा असतेच.